हाकेला ओ

त्या फाईलचं नाव होतं ‘कॉमन’, आणि तिला हात लावायला टीममध्ये कुणीच तयार नसायचं. आत तसं काही भयंकर नव्हतं. शंभरावर ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीची सुरुवात एकच: रिक्वायर वन्स. ही फाईल आण, ती आण, मग ती तिसरी आण. पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आमच्या वेब ॲप्लिकेशनचं कुठलंही पान उघडलं की आधी ही यादी वरपासून खालपर्यंत वाचली जायची. कुणी नुसता पासवर्ड बदलायला आलेला असो, त्याच्यासाठी पीडीएफ बनवणारे क्लास (एकेका कामाच्या कोडचे गठ्ठे), रिपोर्टवाले क्लास, साठ्याचा हिशेब ठेवणारे क्लास असे सगळे मेमरीत येऊन बसायचे आणि काहीही न करता निघून जायचे.

हे ओझं एक वेळ चाललं असतं, पण क्रम सांभाळणं जिवावर यायचं. मूळ क्लासची फाईल त्याच्यावर बेतलेल्या क्लासच्या आधी यायला हवी, इंटरफेस (क्लासमध्ये काय काय असायलाच हवं याचा नुसता आराखडा) त्याही आधी. यादीच्या मधोमध एका ओळीशेजारी कुणीतरी कॉमेंट लिहून ठेवली होती: ‘ही ओळ हलवू नका.’ का हलवू नये ते लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. मी एकदा ती हलवून पाहिली. कोरं पांढरं पान आलं. ओळ परत जागेवर ठेवली आणि चार महिने त्या फाईलच्या वाटेला गेले नाही.

खरं तर या दुखण्यावरचं औषध पीएचपीकडे २००४ पासून होतं. त्या वर्षी आलेल्या पीएचपी ५ मध्ये पुढे दोन अंडरस्कोअर लावलेलं ‘ऑटोलोड’ नावाचं एक फंक्शन लिहायची सोय झाली. कोडमध्ये एखाद्या क्लासचं नाव आलं आणि तो अजून मेमरीत नाही असं दिसलं, तर इंजिन लगेच हात वर करत नाही. ते थांबतं, ते नाव या फंक्शनच्या हाती देतं आणि बघ म्हणतं, सापडतो का. फंक्शनने योग्य ती फाईल शोधून आणली की काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. हाक मारल्यावर ओ द्यायची, त्याआधी गर्दी करायची नाही. कल्पना एवढीच.

घोळ असा, की असं फंक्शन अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच असू शकायचं. तुम्ही तुमचं लिहिलंत, वापरायला घेतलेल्या लायब्ररीने तिचं आणलं, की एका म्यानात दोन तलवारी. पुढच्याच वर्षी, पीएचपी ५.१ बरोबर, ‘एसपीएल ऑटोलोड रजिस्टर’ आलं आणि एकाच्या जागी अशा फंक्शनांची, म्हणजे लोडरची, रांग लावता येऊ लागली. रांगेतल्या पहिल्याला विचारायचं, त्याला ठाऊक नसेल तर दुसऱ्याला, असं क्लास सापडेपर्यंत. जुन्या फंक्शनला निरोप द्यायला मात्र पीएचपीने भरपूर वेळ घेतला. २०१७ साली ७.२ मध्ये ते कालबाह्य ठरलं आणि २०२० साली ८.० मध्ये हटलं. जुना कोड चालता ठेवण्याबाबत ही भाषा फार सोशिक आहे. तिच्यावर होणाऱ्या टीकेतला अर्धा भाग याच सोशिकपणाचा आहे, असं माझं मत आहे.

मागे टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाला हे समजावत होते. त्याने शाळा-कॉलेजातल्यासारखा हात वर करून विचारलं, “मॅम, पण फाईलच्या वर आपण ‘यूज’ लिहितो ना? फाईल तेव्हाच येत असेल.”

येत नाही. हा गैरसमज इतका सर्रास आहे की मी त्याला नावं ठेवत नाही; मीही बरीच वर्षं तो बाळगून होते. ‘यूज’ची ओळ फक्त टोपणनाव ठेवते. ‘ॲप\बिलिंग\इन्व्हॉइस’ असं लांबलचक नाव दरवेळी कोण घेणार, या फाईलपुरतं मी त्याला इन्व्हॉइस म्हणेन, एवढंच ती सांगते. असे दहा यूज लिहा आणि दहाही क्लास जगात नसले तरी ती ओळ तक्रार करणार नाही. फंक्शनच्या कंसात ‘इथे इन्व्हॉइसच हवा’ असं बजावलं तरी लोडर जागा होत नाही. ‘इन्स्टन्स ऑफ’ विचारलं तरी नाही, आणि त्यात तर्क आहे: तो क्लास अजून आलेलाच नसेल, तर समोरची वस्तू त्या क्लासची असणं शक्यच नाही. एक्सेप्शन, म्हणजे मध्येच उभी राहिलेली अडचण, पकडणाऱ्या ‘कॅच’चंही तसंच. लोडरला खरी हाक बसते ती ‘न्यू’ म्हणून क्लासची वस्तू बनवायला सांगितल्यावर, वस्तू न बनवता थेट क्लासकडे स्टॅटिक काही मागितल्यावर, किंवा एखादा क्लास दुसऱ्यावर बेतलेला असल्याचं इंजिन वाचतं तेव्हा. आणि ‘क्लास एक्झिस्ट्स’ विचारल्यावरसुद्धा. नुसतं ‘आहे का हो?’ विचारलं तरी लोडर उठून शोधायला जातो. ही शेवटची गोष्ट पुढे आम्हाला महागात पडली.

आता नावावरून फाईल शोधायची कशी? पत्ता नावातच लिहिलेला असायला हवा. जुनी रीत अंडरस्कोअरची होती. क्लासच्या नावात अंडरस्कोअर आला की तिथे फोल्डर बदललं असं समजायचं. नावं मात्र इतकी लांब व्हायची की एका ओळीत एकच मावायचं. २००९ मध्ये पीएचपी ५.३ ने नेमस्पेस, म्हणजे नावांचे आडनावासारखे गट, आणले आणि मग निरनिराळ्या फ्रेमवर्कच्या लोकांनी एकत्र बसून पीएसआर-० हे पहिलं प्रमाण ठरवलं. त्यात नेमस्पेस जितका खोल तितकी फोल्डरंही खोल ठेवावी लागत. पॅकेजचं फोल्डर, त्यात सोर्स, त्यात पुन्हा कंपनीचं नाव, त्यात पुन्हा पॅकेजचं नाव. दोन रिकाम्या खोल्या ओलांडल्याशिवाय माणूस भेटत नसे. २०१३ च्या डिसेंबरात पीएसआर-४ मंजूर झालं आणि तो फेरा चुकला. नावाचा सुरुवातीचा अमुक तुकडा म्हणजे अमुक फोल्डर, हे एकदा सांगून टाकायचं. उरलेल्या तुकड्यांपुरतीच फोल्डरं. अंडरस्कोअरला आता काही विशेष अर्थ उरला नाही.

माझा पहिला लोडर पंधरा ओळींचा होता. एक तक्ता: डावीकडे नावाची सुरुवात, उजवीकडे फोल्डर. नाव आलं की ते शेवटच्या उलट्या तिरक्या रेघेपाशी तोडायचं, डावा तुकडा तक्त्यात आहे का पाहायचं, नसेल तर आणखी एक तुकडा मागे सरकायचं. लांब सुरुवात आधी आणि आखूड नंतर, हे अशा तोडण्यात आपोआप साधतं. जुळलं की उरलेल्या नावातल्या उलट्या रेघा सरळ करायच्या, शेवटी डॉट पीएचपी जोडायचं, फाईल असेल तर आणायची. नसेल तर? काहीही करायचं नाही. इथे मी पहिली चूक केली. फाईल नसली की मी मोठ्या ऐटीत एक्सेप्शन फेकत होते. पीएसआर-४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की लोडरने एक्सेप्शन फेकू नये, कसलीही एरर देऊ नये. कारण रांगेत तुमच्यामागे दुसराही उभा असतो आणि त्याला उत्तर माहीत असू शकतं. मला ठाऊक नाही म्हणजे कुणालाच ठाऊक नाही, असं माझा लोडर ओरडत सुटला होता, आणि मागची बिचारी ईमेलची लायब्ररी तिची पाळी येण्याआधीच मरत होती.

दुसरी चूक आणखी बारीक, आणि नाव रेघेपाशी तोडायची रीत वापरू लागण्याआधीची. तक्त्यात सुरुवातीचा तुकडा लिहिताना शेवटची रेघ मी गाळली होती आणि जुळवणी नुसती अक्षरांनी करत होते. त्यामुळे ‘ॲप\बिल’ या सुरुवातीत ‘ॲप\बिलिंग’सुद्धा बसायचं आणि उरलेलं ‘इंग’ घेऊन लोडर भलत्याच फोल्डरात भटकायचा. कंपोझर, म्हणजे लायब्ररी आणून बसवणारं आणि लोडरही तयार करून देणारं पीएचपीचं साधन, ही रेघ विसरू देत नाही, तिथेच अडवतो. त्याचा हा खाष्टपणा मला आवडतो.

मग तो प्रसिद्ध प्रसंग, जो या धंद्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतोच. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत, सर्व्हरवर ‘क्लास सापडला नाही’. फाईल तिथे होती. मी सर्व्हरवर जाऊन डोळ्यांनी पाहिली, उघडून वाचली. काखेत कळसा नि गावाला वळसा. शेवटी उमगलं की फाईलच्या नावात पीडीएफची तिन्ही अक्षरं कॅपिटल होती आणि कोडमध्ये फक्त पहिलं. विंडोज आणि मॅक असल्या फरकाकडे सहसा काणाडोळा करतात, लिनक्स करत नाही. खुद्द पीएचपीला क्लासच्या नावात लहान-मोठं अक्षर सारखंच वाटतं, त्यामुळे गंमत अशी की एखाद्या पानावर दुसऱ्या कुणी आधी अचूक नावाने हाक मारून तो क्लास आणलेला असेल, तर नंतरची चुकीची हाकसुद्धा खपून जायची. म्हणून चूक काही पानांवर दिसे, काहींवर नाही, आणि आम्ही दोन दिवस ती पानं एकमेकांशी ताडून पाहत बसलो. नाव दुरुस्त केलं तर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला बदल झाल्याचंच कळेना, कारण माझ्या लॅपटॉपच्या लेखी ती तीच फाईल होती. नाव बदलण्याची गिटची वेगळी आज्ञा वापरली तेव्हा कुठे त्याने नोंद घेतली.

आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, म्हणून माझी नजर तिथे अडखळत नसावी, अशी मी माझी समजूत घातली. रागाच्या भरात एकदा क्लासचं नाव देवनागरीत ठेवूनही पाहिलं. पीएचपीला चालतं! नावात आस्कीबाहेरच्या बाइट्स आल्या तर ती हरकत घेत नाही. पण तिथेही खाच आहेच. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक सलग चिन्ह म्हणून किंवा ‘र’ला खाली नुक्ता जोडून. दिसायला तंतोतंत एक, बाइट्स निराळ्या. पीएचपीच्या दृष्टीने ते दोन वेगळे क्लास. नाद सोडला.

हे झालं एका माणसाच्या घराचं. मॉड्यूल आले की वाडा होतो. आमच्या ॲप्लिकेशनची आम्ही बिलिंग, साठा, रिपोर्ट, सभासद अशी मॉड्यूल पाडली. प्रत्येकाचं आपलं फोल्डर, आत आपला सोर्स, आपली टेम्प्लेट, आपले टेस्ट, आणि एक छोटी फाईल: माझं नाव हे, माझा नेमस्पेस इथून सुरू होतो. ॲप्लिकेशन सुरू होताना फोल्डरं चाळायची, या फाईली वाचायच्या, लोडरच्या तक्त्यात एकेक ओळ घालायची. पुढे हातचा लोडर सोडून कंपोझरकडे गेलो तरी रचना तीच राहिली. फक्त तक्ता आता कंपोझर लिहून ठेवू लागला, आणि मॉड्यूलच्या टेस्टचे नेमस्पेस मुख्य प्रोजेक्टमध्ये पुन्हा लिहावे लागले, कारण ‘ऑटोलोड डेव्ह’मधल्या, म्हणजे फक्त डेव्हलपमेंटच्या वेळी लागणाऱ्या, ओळी कंपोझर फक्त मुळाशी असलेल्या प्रोजेक्टच्याच वाचतो.

कंपोझरच्या वेगाच्या युक्त्या सगळ्यांना माहीत असतात, म्हणून फार लिहीत नाही. लाइव्हला टाकताना सगळे क्लास आधीच मोजून नाव आणि फाईल यांची पक्की वही बनवायची, म्हणजे दरवेळी डिस्कवर ‘फाईल आहे का’ विचारत फिरावं लागत नाही. (नसलेल्या फाईलची आठवण पीएचपी ठेवत नाही, म्हणून न सापडणारी हाक सर्वांत महाग.) वही बनवताना नाव आणि जागा जुळत नसेल तर कंपोझर २ तसं सांगतो आणि तो क्लास वगळतो, माझा पीडीएफवाला घोटाळा आज झाला असता तर तिथेच उघडा पडला असता. त्याहून एक पायरी वरची सोय म्हणजे वहीत नाही तो क्लास नाहीच असं मानायचं. आम्ही ती चालू केली आणि विसरलो की आमच्याकडे मॉड्यूल डिप्लॉय झाल्यानंतरही चढवता येतात. नवं मॉड्यूल चढलं, फोल्डर जागेवर, परवानग्या ठीक, आणि लोडर मान वर करूनही बघेना. वहीत नाव नव्हतं ना. मॉड्यूल चढवल्यावर वही पुन्हा लिहायची एक पायरी वाढवली आणि प्रश्न मिटला.

खरा प्रश्न नंतर आला. एका ग्राहकाला बिलिंग नको होतं. आम्ही ते मॉड्यूल बंद केलं. मेनूतून गेलं, त्याचे पत्ते गेले, सगळं छान. आणि रिपोर्टच्या पानावर थकबाकीचा रकाना जसाच्या तसा. बंद केलेलं मॉड्यूल आकडे मोजत होतं!

कारण लोडरच्या तक्त्यात त्याची ओळ होतीच. मॉड्यूल चालू आहे की बंद हे लोडरला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि रिपोर्टच्या कोडमध्ये कुणीतरी सरळ ‘न्यू’ म्हणून बिलिंगचा हिशेबनीस बोलावला होता. हाक आली, त्याने ओ दिली. लोडरने त्याचं काम चोख केलं होतं.

मी तो कोड वाचत बसले तेव्हा ‘कॉमन’च्याही आधीच्या जुन्या फाईली आठवल्या. तेव्हा प्रत्येक फाईल आपल्या डोक्यावर स्वतःची यादी वागवायची. दुसऱ्या विभागातलं काही हवं असेल तर हाताने वाट लिहावी लागे: दोन टिंबं, तिरकी रेघ, पुन्हा दोन टिंबं, तिरकी रेघ, मग पलीकडचं फोल्डर. कुरूप होतं, आणि फोल्डर हललं की मोडायचं. पण ती टिंबं टाइप करताना बोटांना कळायचं की आपण घराबाहेर पडतोय. ऑटोलोडने सगळी अंतरं सारखी केली. शेजारच्या खोलीतला क्लास आणि वाड्याच्या पार दुसऱ्या टोकाचा क्लास, दोघांना बोलवायला सारखेच कष्ट, म्हणजे शून्य. ‘यूज’ची ओळ उरते खरी, पण ती एडिटर स्वतःच घालतो आणि लगेच घडी करून लपवतोही.

कंपोझरनेही हे अडत नाही. प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्र पॅकेज केलं, आपल्याला कोणकोण लागतं ते प्रत्येकाने लिहिलं, तरी चालताना लोडर सगळ्यांचा मिळून एकच असतो. रिपोर्टने बिलिंगची गरज कुठेही नोंदवलेली नसली तरी बिलिंग बसवलेलं असेल तर ते येणारच. आम्ही फोल्डरं वेगळी केली आणि मॉड्यूल वेगळी झाली असं समजलो.

मग मी लोडरला फक्त चालू मॉड्यूलच्याच ओळी द्यायला लावल्या आणि टेस्ट सर्व्हरवर बिलिंग बंद केलं. रिपोर्ट पडलं, ते अपेक्षितच होतं. सभासद पडलं. साठा पडला. लॉगिनचं पानसुद्धा पडलं, कारण तिथे थकबाकीची आठवण देणारी एक पट्टी होती. कुठली मॉड्यूल एकमेकांत किती गुंतलीत हे इतक्या वर्षांत कुठल्याही आकृतीने इतकं स्पष्ट दाखवलं नव्हतं.

घाईत केलेला उपाय आठवला की अजून लाज वाटते. जिथे पडत होतं तिथे ‘क्लास एक्झिस्ट्स’ विचारायला लागलो. बिलिंग आहे का? मग मोज. नाही? सोडून दे. आठवडाभरात हे प्रश्न कोडभर पसरले. आणि बिलिंग बंद असलं की प्रत्येक प्रश्नागणिक लोडरला हाक जायची. काही ठिकाणी तर लूपच्या आत. पुढे एकाने मुकाट्याने ते सगळे उपटले. एक ‘करार’ नावाचा नेमस्पेस केला, त्यात फक्त इंटरफेस. थकबाकी सांगणारा कुणीही असो, त्याने या रूपात यावं. बिलिंग चालू असेल तर ते स्वतःहून नाव नोंदवतं. रिपोर्ट विचारतं, कुणी आहे का, आणि नसेल तर रकाना दाखवत नाही. एका मॉड्यूलने दुसऱ्याच्या आतल्या क्लासला थेट नावाने हाक मारली तर बिल्ड थांबावं म्हणून डेपट्रॅक हे साधन लावलं. लोडर जे अडवू शकत नाही ते माणसांनी लिहिलेल्या नियमाने अडवायचं. पहिले काही दिवस सगळे त्या साधनावर चिडून होते. मी सर्वांत जास्त.

तरी एक भूत राहिलंच होतं. बंद केल्यावर दोन दिवस काही लोकांच्या पानांवर विचित्र एरर येत राहिल्या. त्यांच्या सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हर प्रत्येक वापरणाऱ्यासाठी जपून ठेवतो त्या माहितीत, बिलिंगची एक वस्तू गोठवून ठेवलेली होती. सेशन उघडताना पीएचपी त्या क्लासला हाक मारी, कुणी ओ देत नसे, मग ती नाइलाजाने वस्तूला ‘अपूर्ण क्लास’ असं नाव देऊन समोर ठेवी. डेटा सगळा आत शाबूत, पण एकही मेथड चालत नाही. सेशन संपत गेली तशी ती भुतंही विरली.

गेल्या महिन्यात त्या नव्या मुलाने ‘कॉमन’ उघडली. आता तो तिला बिनधास्त हात लावतो. आत एकच ओळ उरली आहे, जुन्याच पद्धतीची, हाताने वाट लिहिलेली. “मॅम, ही एक का ठेवलीय? हीपण ऑटोलोड करू ना.” मी काही बोलले नाही, त्याला वाचू दिलं. ती ओळ लोडरलाच आणत होती. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच हसू आलं आणि त्याने फाईल बंद केली.